नटामागची तार

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरात आधी तंबोरा होता, गिटार फार उशिरा आली. आत्या सूरसागर तलावासमोरच्या संगीत महाविद्यालयात गाणं शिकलेली. सयाजीरावांच्या काळात, १८८६ साली गवई मौलाबक्षांनी सुरू केलेली गायनशाळा ती हीच. आत्या खुंटी पिळून सूर जवळपास आणायची आणि मग घोडीपलीकडचा मणी केसभर सरकवायची. वाजणाऱ्या तारेला बोटही न लावता सूर जागेवर बसायचा. मी इलेक्ट्रिक गिटारवर नटामागे (नट म्हणजे मानेच्या खुंट्यांकडच्या टोकाची, तारा ज्या खाचांतून जातात ती पट्टी) तार दाबते तेव्हा हेच करते. फक्त दुसऱ्या टोकाला, आणि तार वाजत असताना.

नट आणि खुंट्यांमधला तारेचा तुकडा आपण विसरून जातो. पण तो दाबला की ताण वाढतो, नटाच्या खाचेतून तार जराशी मागे ओढली जाते आणि मोकळ्या तारेचा सूर चढतो. मोकळ्या तारेवर मींड घ्यायची ही उत्तम वाट आहे.

गिटार टेलिकास्टरच्या घडणीची असेल तर फार सोपं. सहाही खुंट्या एका रांगेत, तारा सरळ मागे जातात आणि खाली दाबायला जागा असते. जेरी डोनाह्यू हा अमेरिकन वादक याच गिटारवरच्या अशा मींडांसाठी ओळखला जातो. स्ट्रॅटोकास्टर या दुसऱ्या घडणीच्या गिटारचा ब्रिज, म्हणजे घोडी, तरंगता (स्प्रिंगांवर तोललेला) असेल तर एक तार दाबताच तो पुढे झुकतो आणि बाकीच्या पाच तारा उतरतात. स्प्रिंगांच्या खोबणीत लाकडाचा तुकडा घट्ट बसवून ब्रिज आधी अडवा. तारा आवळून धरणारा लॉकिंग नट असेल तर हे जमणारच नाही.

सुरुवात तिसऱ्या तारेने करा, म्हणजे जी. पहिल्या दोन तारा पुष्कळ गिटारींवर खुंट्यांच्या अलीकडे एका छोट्या आकड्याखाली अडकवलेल्या असतात, त्यामुळे त्या कडक लागतात. डाव्या हाताचं मधलं बोट तारेवर, तर्जनी त्याला टेकून. नट आणि खुंटी यांच्या बरोबर मध्यावर सरळ खाली दाबा. टोकाजवळ जोर जास्त लागतो. आधी चौथी तार, डी, छेडा. तो तुमचा सा. मग जी छेडा, तो म. आता दाबत दाबत प पर्यंत जा. प कधी आला हे बोटाला नाही, कानाला कळतं, म्हणून मी विद्यार्थ्यांना डी चा तंबोरा मोबाईलवर लावूनच बसवते. पहिले दोन दिवस प च्या खालीच राहाल. ०.०१० च्या संचातली (ज्यात पहिली तार ०.०१० इंच जाड असते) तार असेल तर आठवड्याभरात पोहोचाल. फक्त उत्तरायणानंतरच्या आठवड्यात हे शिकायला घेऊ नका. मांजाने चिरलेल्या बोटावर पोलादी तार दाबवत नाही.

सोडल्यावर सूर परत म वर आला पाहिजे. येत नसेल तर नीट ऐका: चढा राहतोय की उतरला? चढा राहिला तर मागे ओढलेली तार खाचेत अडकली आहे. बाराव्या फ्रेटजवळ (पडद्याजवळ) तीच तार एकदा नेहमीसारखी बाजूला ताणून सोडा, ती पुढे सरकून जागेवर येईल. कायमचा उपाय म्हणजे तार सैल करून खाचेत मऊ पेन्सिलीचं शिसं घासणं. दाबताना 'टिक्' असा आवाज येत असेल तर खाच अरुंद आहे, ती कारागिराकडून मोठी करून घ्या. मी ते टाळलं आणि एका नवरात्रात, गरब्याआधीची संथ स्तुती चालू असताना, तार बरोबर खाचेपाशी तुटली. उरलेली स्तुती मी पाच तारांवर वाजवली.

हात बसला की करंगळीने दुसऱ्या तारेचा तिसरा फ्रेट धरा, म्हणजे वरचा सा. तर्जनी नटामागे जी वर. हात बराच ताणावा लागतो, मनगट पुढे काढा. आता तिन्ही तारा एकत्र छेडा: सा आणि वरचा सा स्थिर, आणि मधून म सावकाश प कडे निघालेला. माझ्या मते या तंत्रातलं सगळ्यात सुंदर काही असेल तर हेच.

याच जी वर बाराव्या फ्रेटवर हार्मोनिक (बोट तारेला नुसतं टेकवून काढलेला स्वर) वाजवा आणि लगेच हात मागे नेऊन दाबा. ३९२ हर्ट्झचा स्वर ४४० पर्यंत जातो. ट्यूनर समोर ठेवलात तर तो ए दाखवेल.

तो मागचा तुकडा छेडूनही पाहा. त्याचा स्वर लांबीवर ठरतो. ६४८ मिलिमीटरच्या तारेमागे ८१ मिलिमीटरचा तुकडा असेल, तर तो आठपट लहान, म्हणून साधारण तीन सप्तक वर वाजेल. पट्टी घेऊन प्रत्येक तार मोजा, कुठला तुकडा कुठल्या सुरात बसतो ते लिहून ठेवा. पिकअपला (तारांखालच्या, त्यांचा कंप टिपणाऱ्या चुंबकाला) हा तुकडा थेट ऐकू येत नाही. कंप नटातून मुख्य तारेत आणि लाकडात उतरतो तेवढाच पोहोचतो. म्हणून मुख्य तारा तळहाताने बंद करू नका, कंप्रेसर (बारीक आवाज उचलून धरणारा) आणि भरपूर रिव्हर्ब (घुमारा) लावा, आणि प्लेक्ट्रम (तार छेडायची पट्टी) नटाच्या अगदी जवळ चालवा. तिथे कुणी केसांचा रबर गुंडाळला असेल, तर तो आधी काढा.