मुलाची फिजिओथेरपी मोबाइलवर: घरच्यांनी काय आणि कसं करायचं

ग्वाल्हेरहून दर आठवड्याला मूल घेऊन दिल्ली-पुण्याच्या फिजिओथेरपिस्टकडे जाणं बहुतेकांना झेपत नाही. मग व्हिडिओ कॉलचा आधार घ्यावा लागतो. त्यात थेरपिस्टला मूल दिसतं, पण त्याचा पाय हातात घेता येत नाही. पोटरी आज किती घट्ट आहे, गुडघा कुठे अडतो, हे फक्त तुमच्या हाताला कळतं. ते नीट ओळखून नेमकं सांगणं हेच पालकांचं मुख्य काम आहे, व्यायाम करून घेणं त्यानंतर. इथली उदाहरणं सेरेब्रल पाल्सीमुळे (लहानपणीच मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर होणारा परिणाम) चवड्यावर चालणाऱ्या मुलाची आहेत. तुमच्या मुलासाठी अंतिम शब्द त्याच्या थेरपिस्टचाच.

पहिली तपासणी समोरासमोरच करून घ्या, यात तडजोड नको. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली (२०१३ पासून) १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते आणि पुढच्या उपचारांसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत. तिथे चौकशी करा.

कॉलच्या आधी

फोन हातात धरू नका. स्टुलावर, मुलाच्या कमरेच्या उंचीला, आडवा टेकवून ठेवा. उजेड मुलाच्या तोंडावर यावा, पाठीमागे खिडकी नको. मुलाला आखूड चड्डी घाला, म्हणजे गुडघे आणि घोटे दिसतील. चालणं समोरून आणि बाजूने, दोन्हीकडून दाखवा. दिवसभर मूल आजीकडे असेल तर आजीलाही कॉलवर बसवा. ती काय बघते ते आईबाबांना बऱ्याचदा माहीत नसतं.

मधल्या दिवसांत मूल आपल्या नादात चालत असताना छोटा व्हिडिओ काढून पाठवा. ‘चालून दाखव’ म्हटलं की मूल वेगळंच चालतं.

पोटरीचा ताण

सगळ्यात जास्त चूक इथेच होते. पालक पायाचा चवडा धरून वर ढकलतात. पाऊल वाकलेलं दिसतं, पण ते मधूनच वाकलेलं असतं, टाच जागची हललेलीही नसते. असं रोज केलं तर तळव्याची कमान सैल पडू शकते आणि पोटरी तशीच राहते.

मुलाला उताणं झोपवा. गुडघा सरळ ठेवा, पण दाबून नको. टाच तुमच्या तळहातात पूर्ण मावली पाहिजे, आणि मुलाचा तळवा तुमच्या मनगटापासून पुढच्या हातावर टेकला पाहिजे. आता टाच हळूच स्वतःकडे खेचा आणि हाताने तळवा वर न्या. पाऊल बाहेरच्या बाजूला वळू देऊ नका. जिथे हाताला अडकल्यासारखं लागेल तिथे थांबा. साधारण ३० सेकंद धरा, थेरपिस्टने वेगळं सांगितलं असेल तर तेवढं. झटका द्यायचा नाही. पाय थरथरू लागला तर ताण थोडा कमी करून वाट बघा. मग गुडघा वाकवून तेच करा, कारण खोलवरच्या स्नायूला ताण तेव्हाच नीट बसतो.

ताण ओढल्यासारखा लागावा, दुखू नये. मुलाचा चेहरा बघत राहा. वहीत एकच ओळ लिहा: आज कुठे अडलं, कालपेक्षा सैल की घट्ट.

जानेवारीत ग्वाल्हेरचा पारा खूप खाली येतो आणि तिथल्या लष्कर या जुन्या भागातल्या घरांची दगडी फरशी बर्फासारखी होते. थंडीत ताठरपणा बहुतेक मुलांना जास्त जाणवतो. म्हणून गादीवर, कोमट पाण्याच्या आंघोळीनंतर लगेच ताण द्या. पाणी आधी आपल्या कोपराने बघा. काही मुलांना चटका लवकर कळत नाही, म्हणून गरम पाण्याची पिशवी थेट त्वचेवर नको. मे महिन्यात सकाळी लवकर उरकून घ्या.

बाकीचा दिवस

वेगळा ‘व्यायामाचा तास’ मुलं लवकर टाळू लागतात. त्यापेक्षा पाटावरून किंवा छोट्या स्टुलावरून उठणं-बसणं जेवणाच्या वेळी होऊ द्या. आरतीला टाचा टेकवून उभं राहू द्या. आवडतं खेळणं दिवाणावर ठेवा, म्हणजे ते उभं राहून खेळेल. रोज थोडं होणं हे रविवारी तासभर रडवण्यापेक्षा कितीतरी चांगलं, आणि मुलाला आईची भीती बसू नये हे मला व्यायामाइतकंच महत्त्वाचं वाटतं.

स्प्लिंट (पाय नीट स्थितीत धरून ठेवणारा आधार) काढल्यावर त्वचा बघा. लाली अर्ध्या तासात गेली नाही तर बनवणाऱ्याला दाखवा, तोवर पुन्हा घालू नका.

कधी थांबायचं

ताप, सूज, नुकतीच आलेली फिट, नवीन दुखणं: व्यायाम बंद, डॉक्टरांना फोन. लंगोट बदलताना मांड्या उघडणं अवघड होत असेल किंवा एक पाय आखूड वाटत असेल तर पुढच्या कॉलची वाट बघू नका. सेरेब्रल पाल्सीत खुबा हळूहळू जागेवरून सरकू शकतो, सुरुवातीला दुखतही नाही, आणि ते कॅमेऱ्यात दिसत नाही. त्यासाठी एक्स-रेच लागतो. तो किती महिन्यांनी काढायचा, हे हाडांच्या डॉक्टरांना आजच विचारून ठेवा.

थेरपीच्या पावत्या जपा. नॅशनल ट्रस्ट या दिव्यांगांसाठीच्या केंद्र सरकारी संस्थेच्या निरामय आरोग्य विमा योजनेत सेरेब्रल पाल्सी बसते, वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळतं आणि त्यात थेरपीचा खर्चही धरला जातो. ऑनलाइन सत्रांचं काय, ते अर्ज करतानाच विचारून घ्या.