सहकाऱ्याच्या दिसण्याविषयी नकोशी टिप्पणी कशी टाळावी

दिसण्यावरची टिप्पणी बहुतेक वेळा कौतुक म्हणूनच केली जाते आणि अडचण नेमकी तिथेच सुरू होते. कौतुक हसून स्वीकारावे अशी अपेक्षा असते, त्यामुळे रोज शेजारी बसणाऱ्या माणसाला ‘मला हे आवडले नाही’ असे सांगणे ऐकणाऱ्याला जड जाते.

सर्वप्रथम शरीर हा विषयच बाजूला ठेवावा. वजन, वर्ण, उंची, गळणारे केस, चेहऱ्यावरचे डाग, वय यांविषयी चांगले किंवा वाईट, काहीच बोलू नये. ‘किती छान बारीक झालात!’ हे वाक्य सर्वांत फसवे आहे. वजन आजारपणाने, औषधांनी किंवा दुःखाने उतरलेले असेल, तर त्या व्यक्तीला एक तर खोटे हसावे लागते, नाहीतर सर्वांसमोर आपले दुखणे सांगावे लागते. पोटाकडे पाहून गोड बातमीची चौकशी करणेही तसेच; ती बातमी सहकारी स्त्रीने स्वतः दिल्याशिवाय तो विषय काढू नये.

कपडे, चष्मा, केशरचना या निवडीच्या गोष्टी असल्यामुळे तिथे थोडी मोकळीक असते, पण हेच वाक्य याच स्वरात आपण आपल्या वरिष्ठांना चारचौघांत म्हणू का, हे आधी स्वतःला विचारावे. ‘चष्म्याची फ्रेम छान आहे’ हे वस्तूविषयीचे बोलणे झाले. ‘या कपड्यांत तुम्ही फार आकर्षक दिसता’ म्हणताच बोलणे वस्तूवरून माणसाच्या अंगावर येते. वस्तूविषयीही एखाद्या वेळी, ओघात बोलावे. रोज कोणी आपले कपडे न्याहाळते आहे ही जाणीवच त्रासदायक असते. आपण पदाने वरचे असाल, तर माझ्या मते एवढेही टाळलेले बरे.

काळजीपोटी ‘आज फार थकलेले दिसता’ असे म्हणण्याऐवजी ‘आजच्या कामात माझी काही मदत होईल का?’ असे विचारावे. कौतुक करायचे असेल तर ते कामाचे करावे, आणि तेही नेमके: ‘अहवालातला तुमचा तक्ता पाहून सगळा गोंधळ एका नजरेत उलगडला.’

कधी दिसण्याविषयी बोलणे कामाचाच भाग असतो. फिरत्या यंत्राजवळ मोकळे केस धोकादायक ठरतात. अशा वेळी एकांतात, फक्त नियम आणि त्याचे कारण सांगावे, शेरा जोडू नये.

तरीही तोंडून काही निसटले आणि समोरचा गप्प झाला, तर ‘मी असे बोलायला नको होते, माफ करा’ एवढे म्हणून थांबावे. ‘माझा हेतू तसा नव्हता’ हे स्पष्टीकरण लांबवल्यास उलट त्यालाच आपली समजूत घालावी लागते. शिवाय केवळ हेतूने प्रश्न मिटतही नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 2019 मध्ये स्वीकारलेल्या 190 क्रमांकाच्या करारात कामाच्या ठिकाणच्या छळाची व्याख्या करताना हेतूबरोबरच वर्तनाचा परिणाम आणि संभाव्य परिणामही धरला आहे, आणि असे वर्तन एकदाच घडले तरी ते त्या व्याख्येत येऊ शकते.

दुसरा कोणी अशी टिप्पणी करत असेल, तर हसण्यात सामील न होता विषय कामाकडे वळवावा आणि जिच्याविषयी बोलले गेले, त्या व्यक्तीला नंतर एकटे गाठून विचारावे की तिला यात आपली काही मदत हवी आहे का.