पोकर स्पर्धा: हरलेली चिप जिंकलेल्या चिपपेक्षा महाग

नो-लिमिट होल्डेम या पोकरच्या प्रकाराचे नियम पाठ आहेत, मित्रांच्या टेबलावर हात बरा चालतो, पण स्पर्धेत बक्षिसांच्या जागा सुरू होण्याआधीच खुर्ची सोडावी लागते, अशी तक्रार बरेच जण करतात. दोष पत्त्यांच्या समजेत असेलच असं नाही. कॅश गेममध्ये शंभराची चिप म्हणजे शंभर रुपये, काउंटरवर दिली की पैसे हातात. स्पर्धेतली चिप विकता येत नाही. सगळ्या चिपा जिंकणाऱ्यालाही बक्षिसाच्या रकमेचा एक भागच मिळतो, आणि शेवटची चिप हरलेला माणूस दुसरा आला म्हणून भरपूर घेऊन जातो. इथला जवळजवळ प्रत्येक सल्ला यातूनच निघतो.

आधी स्ट्रक्चर शीट वाचा

बाय-इन, म्हणजे प्रवेश फी, भरण्यापूर्वी स्पर्धेच्या या माहितीपत्रकात तीन आकडे बघा: सुरुवातीचा स्टॅक (समोरच्या एकूण चिपा) किती बिग ब्लाइंडचा, लेव्हल (ब्लाइंड वाढेपर्यंतचा टप्पा) किती मिनिटांची आणि री-एंट्री (हरल्यावर पुन्हा पैसे भरून प्रवेश) कधीपर्यंत खुली. ब्लाइंड म्हणजे पत्ते बघण्याआधी पाळीपाळीने दोघांनी भरायच्या सक्तीच्या चिपा; लहान तो स्मॉल, मोठा तो बिग. प्रत्यक्ष टेबलावर डीलर तासाला साधारण 25 ते 30 हात, म्हणजे डाव, वाटतो. लेव्हल 20 मिनिटांची असेल तर नऊ जणांच्या टेबलावर एक फेरी होते न होते तोच ब्लाइंड वाढतात. लास वेगसच्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मेन इव्हेंटमध्ये 60,000 चिपा आणि दोन-दोन तासांच्या लेव्हल मिळतात. तिथे वाट बघायला वेळ असतो. वेगवान स्पर्धेत तो नसतो. एक्क्यांची जोडी सरासरी 221 हातांत एकदा येते, म्हणजे सुमारे आठ तासांत एकदा. तिच्या भरवशावर बसणारा ब्लाइंडमध्येच झिजतो.

स्टॅक चिपांत नव्हे, बिग ब्लाइंडमध्ये मोजा

समोर 42,000 चिपा दिसतात तेव्हा बरं वाटतं. ब्लाइंड 1,500–3,000 असतील तर ते फक्त 14 बिग ब्लाइंड आहेत. शिवाय हातात भिडणाऱ्या दोघांपैकी लहान स्टॅक कोणाचा, तोच आकडा खरा. तुमच्याकडे 60 आणि बिग ब्लाइंडवर बसलेल्याकडे 9 असतील, तर तो हात 9 चाच.

हल्ली बहुतेक स्पर्धांत बिग ब्लाइंड अँटे असतो, म्हणजे सगळ्या टेबलाचा अँटे (ब्लाइंडशिवायचा सक्तीचा भरणा) एकटा बिग ब्लाइंडवाला भरतो. त्यामुळे पत्ते वाटले जाताच मध्ये 2.5 बिग ब्लाइंड पडलेले असतात, आणि एक फेरी नुसती बसून काढायलाही तेवढाच खर्च येतो. 10 बिग ब्लाइंड उरले असतील तर चार फेऱ्यांचं आयुष्य आहे, साधारण सव्वा तास.

25 च्या वर असाल तर रेझ, म्हणजे वाढवून लावलेल्या चिपा, बिग ब्लाइंडच्या 2 ते 2.3 पट पुरे. 2.2 चा रेझ मधले 2.5 उचलायला जातो, तो 47 टक्के वेळा निर्विवाद यशस्वी झाला, म्हणजे बाकी सगळे फोल्ड झाले (पत्ते टाकून दिले), तरी खर्च निघतो. 3 पट केला की तेच प्रमाण 55 च्या जवळ जातं. घरच्या खेळातली चार-पाच पट रेझची सवय इथे टाकून द्या. दुसऱ्या बाजूने, तुम्ही बिग ब्लाइंडवर असताना 2.2 चा रेझ आला आणि बाकी सगळे फोल्ड झाले, तर 1.2 भरून 4.7 साठी खेळता, म्हणजे 20 टक्के इक्विटी (हात जिंकण्याची सरासरी शक्यता) पुरते. तिथे सतत फोल्ड करणं ही हळूहळू होणारी मोठी गळती आहे.

15 ते 22 च्या दरम्यान तुमचं मोठं हत्यार म्हणजे दुसऱ्याच्या रेझवर ऑल-इन, म्हणजे सगळ्या चिपा एकदम लावणं. उशिरा पाळी येणाऱ्या जागेवरून कोणी सैल रेझ केला की मध्ये 4.7 बिग ब्लाइंड असतात. तो फोल्ड झाला तर 18 चा स्टॅक सरळ पावणेतेवीसच्या आसपास जातो.

12 च्या खाली रेझ करून मग फोल्ड करणं बंद. 11 मधले 2.2 गेले तर पाचवा हिस्सा गेला. एक तर ऑल-इन, नाहीतर फोल्ड. 10 बिग ब्लाइंडवर, सगळे फोल्ड होत तुमच्यापर्यंत आले असतील, तर बटणावरून (मागे फक्त दोन ब्लाइंड उरतात ती जागा) कुठलीही जोडी, कुठलाही एक्का आणि बहुतेक सूटेड (दोन्ही पत्ते एकाच चिन्हाचे) राजे ढकलता, म्हणजे ऑल-इन करता, येतात. स्मॉल ब्लाइंडवरून निम्म्याहून जास्त हात. पहिल्या जागेवरून मात्र मागे आठ जण उरलेले असतात, तिथे मध्यम जोड्या आणि एक्का-दश्शीच्या वरचे हात यांपलीकडे फारसं जाऊ नका. हे आकडे चिपांच्या हिशोबाचे आहेत. बक्षीस जवळ आलं की आणखी आखडते घ्यावे लागतात.

बबल

बबल म्हणजे बक्षिसांच्या जागा सुरू होण्याच्या उंबरठ्यावरचा टप्पा. समजा चौघे उरले आहेत, बक्षिसं तिघांना: 50,000, 30,000 आणि 20,000. चौघांचे स्टॅक समान, म्हणून प्रत्येकाची किंमत 25,000 रुपये. समोरच्याने ऑल-इन केलं आणि तुम्ही कॉल केलात, म्हणजे तेवढ्याच चिपा लावल्यात. ब्लाइंड क्षणभर बाजूला ठेवू. हरलात तर शून्य. जिंकलात तर चिपा दुप्पट होतात, पण तुमची किंमत 50,000 होत नाही, 38,333 होते. म्हणजे 13,333 मिळवण्यासाठी 25,000 पणाला लावले. कॉल परवडायला 50 नव्हे, 65 टक्के इक्विटी लागते.

आता एक्का-राजा ऑफसूट (वेगवेगळ्या चिन्हांचे) घ्या. समोरचा पत्ते न बघता ढकलतोय असं समजलं तरी या हाताची इक्विटी 65 च्या आसपासच येते. छक्कीची जोडी अशा माणसासमोरही 63 वर थांबते. जो हात दुपारी डोळे झाकून कॉल केला असता, तो बबलवर फेकावा लागतो आणि ते भित्रेपण नसतं. चिपांची रुपयांतली किंमत काढणाऱ्या या गणिताला खेळाडू आयसीएम (इंडिपेंडंट चिप मॉडेल) म्हणतात. त्याचा उलटा अर्थही तितकाच कामाचा: कॉल करणाऱ्याला 65 लागतात, म्हणून ढकलणाऱ्याचं फावतं. पहिला ऑल-इन तुमचा असू द्या.

मोठा स्टॅक असेल तर मधल्या स्टॅकांवर दाब द्या, सर्वांत लहानावर नाही. लहान स्टॅकला गमवायला थोडंच असतं, तो कॉल करून मोकळा होतो. मधल्याला कोपऱ्यातल्या तीन ब्लाइंडवाल्याच्या आधी बाहेर पडणं परवडत नाही, म्हणून तो चांगले हातही सोडतो. आणि मोठा स्टॅक हातात असताना सर्वांत छोटं बक्षीस पक्कं व्हावं म्हणून हात बांधून बसू नका. ते बक्षीस बहुधा बाय-इनच्या दीड-दोन पटच असतं. खरे पैसे वरच्या तीन जागांत असतात.

डोकं

टिल्ट, म्हणजे भावनेच्या भरात खेळ बिघडणं, टेबलावर हात आपटूनच दिसतो असं नाही. 40 बिग ब्लाइंडचे 18 झाले की मन जुन्या आकड्याकडे बघत राहतं, आणि माणूस 18 चा खेळ 40 सारखा खेळतो. उपाय साधा आणि यांत्रिक आहे. मोठा हात संपला की चिपा पुन्हा रचा, बिग ब्लाइंड मोजा, या आकड्याला कोणता खेळ लागू आहे ते मनात म्हणा. मोठा हात जिंकल्यावरही हेच करा, तेव्हाचा सैलपणा कमी महाग पडत नाही. प्रत्येक निर्णयाआधी प्रश्नांचा क्रम एकच ठेवा: लहान स्टॅक किती, माझ्या मागे कोण किती घेऊन बसलंय, पुढचं बक्षीस किती जण दूर आहे. पत्ते त्यानंतर.

स्पर्धेत साधारण 15 टक्के खेळाडूंना बक्षीस मिळतं. तुम्ही 18 टक्के वेळा पोहोचत असाल तर चांगलं खेळताय, तरीही सलग दहा स्पर्धा रिकाम्या हाताने जाण्याची शक्यता सातात एक आहे. म्हणून निकालावरून खेळ तपासू नका. ब्रेकमध्ये ब्लाइंड, जागा, स्टॅक आणि कोणी काय केलं एवढं टिपा, घरी आयसीएम कॅल्क्युलेटरवर घाला.

2025 च्या कायद्याने पैसे लावून ऑनलाइन खेळणं बंद झालं. आता मराठी खेळाडूसाठी स्पर्धा म्हणजे बहुतेक वेळा पणजीला मांडवीतली कॅसिनो बोट. प्रवास आणि हॉटेल बाय-इनमध्ये धरा. घरखर्चापासून वेगळे असे किमान 100 बाय-इन नसतील तर छोटी स्पर्धा निवडा. री-एंट्री किती वेळा, हे घरून निघतानाच ठरवा. जिंकलेल्या रकमेवर 30 टक्के कर आणि वर सेस लागतो, आधीचे तोटे त्यातून वजा होत नाहीत. नफ्यात आहोत की नाही हे कर धरूनच तपासा.

शेवटचे तिघे आणि वाटाघाट

रात्री उशिरा कोणीतरी म्हणतं, वाटून घेऊ. चिपा 50, 30 आणि 20 टक्के आहेत, बक्षिसं वरचीच. चिपांच्या प्रमाणात वाटलं, म्हणजे प्रत्येकाला आधी 20,000 आणि उरलेले 40,000 चिपांनुसार, तर 40,000, 32,000 आणि 28,000 होतात. आयसीएमने 38,393, 32,750 आणि 28,857. चिप लीडर पहिली पद्धत सुचवणार, तुम्ही लहान असाल तर दुसरी मागा. आकडे टूर्नामेंट डायरेक्टरकडून कागदावर लिहून घ्या, आणि तिघांपैकी एकालाही मान्य नसेल तर खेळ पुढे चालू ठेवा.