सोलापुरी टॉवेल-चादरी जहाजाने पाठवताना: कंटेनरचं दार लागण्याआधीची तयारी

सुती माल जहाजात भिजतो तो पुष्कळदा स्वतःच्याच पाण्याने. म्हणून सोलापुरातून न्हावा शेवामार्गे टॉवेल किंवा चादरी पाठवायच्या असतील, तर तयारीची सुरुवात सुकवण्यापासून करा. कापूस हवेतला ओलावा धरून ठेवतो. त्याचं प्रमाण साधारण ८.५ टक्के मानलं जातं. पॉलिएस्टरचं जेमतेम ०.४. टंबलरमधून निघालेला टॉवेल गरम असतानाच पिशवीत कोंबला की वाफ आतच अडकते. पुढे कंटेनर दिवसा तापतो, रात्री गार होतो, ती वाफ छताच्या पत्र्याला लागून थेंब धरते आणि वरच्या थरावर ठिबकते. पिवळे डाग, काळी बुरशी, कुबट वास ही त्याचीच फळं.

तेव्हा माल आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या. ओलाव्याचं मीटर टॉवेलच्या मधोमध लावून समाधान मानू नका. किनारीची दुमड आणि गठ्ठ्याचा गाभा तपासा, कारण तिथेच ओल राहते. आकडा ८.५ च्या वर रेंगाळत असेल तो गठ्ठा परत सुकवायला पाठवा. लॉटनिहाय आकडे वहीत तारखेसह लिहा, ही वही विम्याच्या वेळी लागते. प्लास्टिक पिशवीला बारीक भोकं असावीत. रिकामी खोकीसुद्धा ओल खातात, विशेषतः पावसाळ्यात. ती जमिनीवर किंवा भिंतीला टेकवून ठेवू नका. सिलिका जेलच्या पुड्या टाकणार असाल तर त्या डीएमएफविरहित (डायमिथाइल फ्युमरेट नसलेल्या) असल्याचं पत्र पुरवठादाराकडून घ्या. बुरशी रोखणारं हे रसायन ग्राहकोपयोगी वस्तूंत वापरायला युरोपीय संघाने २००९ पासून बंदी केली आहे. कंटेनरच्या बाजूंना कॅल्शियम क्लोराइडच्या पिशव्या टांगा, पण ओला माल सुकवायचं काम त्यांच्यावर सोडू नका. तेवढी ताकद त्यांच्यात नाही.

आता खोक्याचं माप. ७० × १४० सेंमीचा ५०० जीएसएमचा (चौरस मीटरला ५०० ग्रॅम) टॉवेल ४९० ग्रॅमचा होतो. ३० नग म्हणजे १४.७ किलो, एका माणसाला उचलता येईल इतकं. खोकं ६० × ४० × ४५ सेंमीचं धरलं तर ०.१०८ घनमीटर. टॉवेल हलका आणि फुगीर, त्यामुळे कंटेनर वजनाने भरायच्या कितीतरी आधी जागेने भरतो. खरी मेख फुगलेल्या खोक्यात आहे. २० फुटी कंटेनरची आतली उंची सुमारे २३९ सेंमी. ४५ सेंमीचे पाच थर २२५ मध्ये आरामात बसतात. तेच खोकं फुगून ४८ चं झालं की पाच थर २४० होतात आणि पाचवा थर बसतच नाही. पन्नासेक खोकी, म्हणजे दीड हजार टॉवेल, गोदामाच्या दारात उभे! म्हणून पहिली दहा खोकी भरून, टेप मारून, एक रात्र एकावर एक ठेवून सकाळी पुन्हा मोजा आणि मगच पॅकिंग लिस्ट पक्की करा. व्हॅक्यूम करून जागा वाचवण्याचा मोह टाळलेला बरा. टॉवेलचे लूप दबून बसतात आणि माल दुकानात मेलेला दिसतो.

माल थोडा असेल आणि इतरांच्या मालासोबत एलसीएलने जाणार असेल, तर भाडं घनमीटर किंवा टन, जे जास्त असेल त्यावर लागतं. टॉवेलला ते घनमीटरवरच बसतं, आणि सीएफएसमध्ये, म्हणजे बंदराजवळच्या माल एकत्र भरायच्या गोदामात, खोकी पुन्हा मोजली जातात. तिथे उचलटाकही जास्त होते, तेव्हा पाच प्लायऐवजी सात प्लायची (पुठ्ठ्याच्या सात थरांची) खोकी घ्या. शेजारी मसाला किंवा चामडं आलं तर कापूस त्याचा वास ओढतो, हे फॉरवर्डरला (जहाजाची व्यवस्था करणाऱ्या एजंटला) आधीच सांगून ठेवा.

रिकामा कंटेनर आला की एकाने आत उभं राहून दारं लावून घ्यायची. कुठूनही उजेड दिसला तर कंटेनर परत. जमीन ओली, तेलकट, किंवा वास मारणारी असेल तरीही परत. गाडीवाला कितीही घाई करो. वर आलेले खिळे ठोका, खाली क्राफ्ट पेपर अंथरा. खोकी कोपऱ्यावर कोपरा येईल अशी सरळ रचा, कारण खोक्याची बरीचशी ताकद कोपऱ्यांत असते. विटांसारखी सांधे चुकवून रचली तर खालची दबतात. दाराजवळची ओळ पट्टा किंवा जाळीने बांधा. लाकडी पॅलेट वापरलं तर त्यावर आयएसपीएम-१५ चा (लाकूड कीडमुक्त केल्याचा) शिक्का हवा, आधाराला लावलेल्या फळकुटांवरसुद्धा. बोल्ट सील लावल्यावर नंबर दिसेल असा फोटो काढा. कारखान्यातच स्वतः सील करत असाल तर आरएफआयडी ई-सील लागतं.

कागदांत आयईसी (आयात-निर्यातीचा परवाना क्रमांक), कस्टमच्या आइसगेट पोर्टलवर नोंदलेला बँकेचा एडी कोड आणि चालू आर्थिक वर्षाचं एलयूटी (जीएसटी न भरता निर्यात करण्याचं हमीपत्र) आधी बघा. एप्रिलमध्ये जुन्या एलयूटीवर माल निघाला की जीएसटीचा घोळ ठरलेला. सुती टेरी टॉवेल कस्टमच्या वर्गवारीत ६३०२.६० या कोडमध्ये येतो. सोलापुरी चादरीचं मात्र जपून: अंथरायची की पांघरायची, यावर कोड बदलतो. बेड लिनन ६३०२, ब्लँकेट ६३०१, बेडस्प्रेड ६३०४. खरेदीदाराच्या एजंटशी बोलून एकच कोड ठरवा आणि तोच इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल (कस्टमकडे द्यायचा निर्यातीचा कागद) सगळीकडे घाला. आरओएससीटीएल (केंद्र आणि राज्याचे कर परत देणारी योजना) लागू असेल तर तिचा दावा शिपिंग बिलातच करायचा असतो. नंतरची दुरुस्ती वेळखाऊ. दुबईसाठी २०२२ पासून लागू असलेल्या भारत-यूएई सेपा व्यापार करारातलं मूळ देशाचं प्रमाणपत्र घ्या, नाहीतर खरेदीदाराला शुल्काची सवलत मिळत नाही. युरोपसाठी अझो रंगांची चाचणी रंगवार करून घ्या. बंदी असलेल्या अमाइनची मर्यादा किलोमागे ३० मिलिग्रॅम आहे.

व्हीजीएम, म्हणजे भरलेल्या कंटेनरचं पडताळलेलं वजन, १ जुलै २०१६ पासून सक्तीचं आहे: माल, खोकी, पॅलेट आणि दारावर लिहिलेलं रिकाम्या कंटेनरचं वजन, सगळं मिळून. व्हीजीएम, शिपिंग इन्स्ट्रक्शन आणि गेट या तिघांच्या कट-ऑफ वेळा वेगवेगळ्या असतात, तिन्ही लिहून ठेवा. पावसाळ्यात खंडाळ्याचा घाट धरूनच गाडीची वेळ काढा. एलसीएलचा माल उघड्या ट्रकने जाणार असेल तर दुहेरी ताडपत्री.

सीआयएफवर (किमतीत विमा आणि जहाजभाडं धरून) विकत असाल तर इन्कोटर्म्स २०२० या व्यापारी अटींप्रमाणे किमान क्लॉज सी चा विमा पुरतो, पण त्यात आत शिरलेल्या समुद्राच्या पाण्याचं नुकसान धरलेलं नाही. इन्व्हॉइसच्या ११० टक्के रकमेचा क्लॉज ए घ्या. तोही मालाच्या अंगच्या दोषाला किंवा कच्च्या पॅकिंगला भरपाई देत नाही. ओलाव्याची वही इथे पुढे करायची.

जहाज सुटलं की बीएलच्या (बिल ऑफ लेडिंग, जहाज कंपनीची मालाची पावती) ड्राफ्टवर सील नंबर आणि खोक्यांची संख्या पडताळा. खरेदीदाराला आधीच कळवा: डाग किंवा ओल दिसली तर उतरवणं थांबवून फोटो काढा, सर्वेअर बोलवा, आणि वरून न दिसणाऱ्या नुकसानीची लेखी सूचना डिलिव्हरीपासून तीन दिवसांत जहाज कंपनीला द्या.