पापाचं ओझं घेऊन देवाकडे जायचं कसं

बरेच जण म्हणतात आधी जरा सुधारतो, दारू सोडतो, घरचं भांडण मिटवतो, मग चर्चला येतो. मीपण असंच म्हणत तीन वर्षं काढली, प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घ्यायच्या विधीच्या वेळी मागच्या बाकावर मान खाली घालून बसायचो आणि भाकर पुढे आली की नको म्हणायचो. तर तुमचंही असं होत असेल तर हे करून बघा.

बायबल काढा, लूकचा 15 वा अध्याय उघडा आणि हातात पेन्सिल घ्या. बापाकडून वाटणी घेऊन ती परदेशात उडवणाऱ्या उधळ्या पुत्राची गोष्ट संडेस्कूलपासून ऐकलेली असते म्हणून आपण भराभर वाचून टाकतो, तसं करू नका. 18 आणि 19 वचन वाचा. पोरगा तिकडे डुकरं राखताना बापापुढे काय बोलायचं ते जुळवतोय, मी पाप केलंय, तुमचा मुलगा म्हणवून घ्यायची माझी लायकी नाही, मला एखाद्या मजुरासारखं ठेवा. आता 21 वचन बघा. पहिलं सगळं आहे, पण मजुराचं वाक्य कुठंय? ते निघायच्या आतच बाप नोकरांना सांगायला लागला, चांगला झगा आणा, बोटात अंगठी घाला, पायात जोडे घाला! आणि त्याच्या आधी 20 मध्ये तर पोरगा अजून लांब असतानाच बाप धावत गेलाय, गळ्यात पडलाय, मुके घेतलेत, आधी आंघोळ करून ये असं कुठेच नाही.

मग वहीत आपलं मजुराचं वाक्य लिहा. माझं होतं, "देवा, वर्षभर नीट वागून दाखवतो, मग माफ कर." लिहून झालं की त्यावर रेघ मारा. ही पायरी सोडू नका कारण खरी गाठ इथेच असते.

आपला तारण शब्दच घ्या, म्हणजे देवाने पापातून केलेली सुटका. बँकेत सोनं तारण ठेवलं तर कर्ज मिळतं, म्हणून देवाकडेही काहीतरी ठेवावं लागेल असं मनात बसलेलं असतं. पण इफिसकरांस पत्रात 2:8-9 ला येशूचा प्रेषित पौल सरळ सांगतो की तारण कृपेने आहे, ते देवाचं दान आहे, आपल्या कर्मांचं नाही. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 ला इंग्लंडमध्ये झाला, तरी धर्म मिळाला पण ख्रिस्त अजून मिळाला नव्हता असं त्यांनी स्वतः लिहिलंय, हे कळायला त्यांच्यासारख्या विदुषीलासुद्धा पुढे कितीतरी वर्षं लागली. त्यामुळे तुम्हाला वेळ लागला तर घाबरू नका.

प्रार्थना छोटी करा, आपल्या घरच्या भाषेत, पापाचं नाव घेऊन. "चुकलंमाकलं माफ कर" असं गोल गोल नको.

आणि मग वागायचं कसंही का, असं कोणी विचारेलच. लूक 19 मधला जक्कय बघा, लोकांना लुबाडणारा जकातदार, येशू आधी त्याच्या घरी गेला, चौपट परत देईन हे जक्कय नंतर बोलला. हा क्रम उलटा करू नका. मी भावाचे पैसे परत केले ते प्रभुभोजन घेतल्यानंतरच्या सोमवारी, फोन लावताना हात थरथरत होता पण लपवावंसं काही वाटत नव्हतं.