या चुका टाळा: इनहेरिटन्समधले मुके बग

सेमीकोलन विसरलात की कंपायलर लगेच बोंब मारतो. इनहेरिटन्समध्ये, म्हणजे एका क्लासने दुसऱ्याचा कोड वारशाने घेण्यात, घोळ घातलात तर बहुतेक वेळा चकार शब्द काढत नाही. प्रोग्रॅम कंपाइल होतो, चालतो, फक्त उत्तर चुकीचं येतं. उदाहरणं जावातली घेतोय, कारण आपल्याकडे कॉलेजात बहुतेकांची गाठ या विषयाशी तिथेच पडते.

व्याज शून्य का आलं?

या बगने माझी एक अख्खी दुपार खाल्ली होती. 'खाते' हा पॅरेंट क्लास, म्हणजे वारसा देणारा. त्याच्या कन्स्ट्रक्टरमध्ये (ऑब्जेक्ट बनताना आपोआप चालणारा कोड) शिल्लक भरून झाली की शेवटच्या ओळीत 'व्याजकाढा' ही मेथड, म्हणजे क्लासमधलं फंक्शन, कॉल केलेली. 'बचतखाते' हा त्याचा चाइल्ड, म्हणजे वारसा घेणारा. त्यात 'दर = ४.०' असं फील्ड (क्लासमधलं व्हेरिएबल), आणि 'व्याजकाढा' ओव्हरराइड केलेली, म्हणजे पॅरेंटच्या मेथडऐवजी स्वतःची लिहिलेली. शिल्लक १०,००० दिली, व्याज ४०० यायला हवं. आलं ०. डीबगरमध्ये ऑब्जेक्ट उघडून बघावा, तर दर व्यवस्थित ४.० दिसतोय!

झालं असं: चाइल्डचा ऑब्जेक्ट बनताना आधी पॅरेंटचा कन्स्ट्रक्टर चालतो. त्याने 'व्याजकाढा' म्हटलं, आणि ऑब्जेक्ट बचतखात्याचा असल्यामुळे चाइल्डची मेथड धावली. पॉलिमॉर्फिझमने, म्हणजे ऑब्जेक्ट ज्या क्लासचा त्याचीच मेथड चालवायच्या नियमाने, आपलं काम चोख केलं. पण 'दर = ४.०' ही ओळ पॅरेंटचा कन्स्ट्रक्टर संपल्यावरच चालते, तोवर दर शून्यच असतो. मी डीबगर उघडला तेव्हा ती ओळ चालून गेलेली होती.

गंमत म्हणजे दराला 'फायनल' (म्हणजे नंतर न बदलणारा) लावलं की बग गायब झाला. ४.० हा थेट लिहिलेला स्थिर आकडा असल्याने कंपायलर तो मेथडमध्येच चिकटवून टाकतो. मी खूश. मग दर कन्स्ट्रक्टरच्या पॅरामीटरमधून घ्यायला लागलो आणि पुन्हा शून्य. खरा उपाय एवढाच: कन्स्ट्रक्टरमधून ओव्हरराइड होऊ शकणारी मेथड कॉल करू नका. व्याज लागेल तेव्हा काढा. मेथड कन्स्ट्रक्टरमध्ये हवीच असेल तर ती 'प्रायव्हेट' किंवा 'फायनल' ठेवा, म्हणजे चाइल्डला ती ओव्हरराइड करता येत नाही.

ओव्हरराइड केलं असं वाटलं, झालं ओव्हरलोड

ओव्हरलोड म्हणजे त्याच नावाची, पण वेगळे पॅरामीटर घेणारी आणखी एक मेथड. व्हायव्हात या दोन्हींतला फरक धडाधड सांगणारे इथे हमखास आपटतात. 'खाते' क्लासमध्ये 'इक्वल्स' लिहिली, पॅरामीटरचा टाइप दिला 'खाते'. दोन खाती थेट ताडून बघितली, ट्रू आलं. ॲरेलिस्टला (जावातली यादी) 'कंटेन्स', म्हणजे 'हे तुझ्यात आहे का', विचारलं तर फॉल्स! कारण जावातल्या प्रत्येक क्लासला वारशाने मिळणारी मूळ 'इक्वल्स' पॅरामीटर म्हणून 'ऑब्जेक्ट' घेते आणि लिस्ट तीच बोलावते. तुमची मेथड शेजारी उभी राहिलेली दुसरीच मेथड ठरली.

मेथडच्या वर '@ओव्हरराइड' लिहिलं असतं तर कंपायलरने तिथेच अडवलं असतं. २००४ मध्ये जावा ५ सोबत ही सोय आली, तरी कित्येक जण ती शोभेची समजून गाळतात. ओव्हरराइड करायची प्रत्येक मेथड या पाटीखालीच लिहा. आणि 'इक्वल्स' बदलली की 'हॅशकोड' (हॅशसेट वस्तू ज्या आकड्यावरून शोधतो तो देणारी मेथड) पण बदला, नाहीतर हॅशसेटमध्ये ठेवलेलं खाते त्याच्याशी 'इक्वल्स' असलेल्या दुसऱ्या ऑब्जेक्टने शोधलं तर बहुधा सापडणार नाही.

फील्ड आणि स्टॅटिक मेथड (ऑब्जेक्टची नाही, क्लासची मेथड) यांना पॉलिमॉर्फिझम लागू नाही. पॅरेंट आणि चाइल्ड दोघांत 'नाव' हे फील्ड असेल, तर कोणतं मिळणार हे व्हेरिएबलच्या टाइपवर ठरतं, आत ऑब्जेक्ट कुठलाही असो. चाइल्डमध्ये तेच फील्ड पुन्हा जाहीर करू नका, विषय संपला.

सी प्लस प्लसवाल्यांची दुखणी वेगळी. तिथे 'व्हर्च्युअल' लिहिल्याशिवाय पॉलिमॉर्फिझमच नाही. फंक्शनला चाइल्ड ऑब्जेक्ट पॅरेंट टाइपच्या पॅरामीटरमध्ये व्हॅल्यूने दिला, तर चाइल्डचा भाग छाटला जातो आणि उरतो नुसता पॅरेंट. रेफरन्सने द्या. पॅरेंटच्या पॉइंटरमधून चाइल्ड डिलीट करणार असाल तर पॅरेंटचा डिस्ट्रक्टरही व्हर्च्युअल हवा.

कोड वाचवायला नातं जोडणं

दोन-चार मेथड फुकट मिळतात म्हणून 'एक्स्टेंड्स' (जावात क्लासला दुसऱ्याचा चाइल्ड करणारा शब्द) लिहायचा मोह सगळ्यांना होतो. वाक्य करून बघा. 'बचतखाते हे खाते आहे', जमलं. 'ग्राहक ही यादी आहे'? नाही, ग्राहकाकडे खात्यांची यादी आहे. मग यादी हे ग्राहकाचं फील्ड करा.

हा मोह खुद्द जावा बनवणाऱ्यांनाही आवरला नाही. जावातला 'स्टॅक' (शेवटी ठेवलेली वस्तू आधी काढायची अशी चळत) पहिल्या आवृत्तीपासून 'व्हेक्टर'चा, म्हणजे कुठेही वस्तू घालता येणाऱ्या यादीचा, चाइल्ड आहे. त्यामुळे स्टॅकच्या तळाशीही वस्तू घुसवता येते. ताटांच्या चळतीत सगळ्यात खाली ताट सरकवावं तसं, आणि कोणी अडवत नाही. स्टॅक हवा असेल तर 'डेक' (दोन्ही टोकांनी वापरता येणारी रांग) वापरा, असं आता जावाचं अधिकृत डॉक्युमेंटेशनच सुचवतं. जुना क्लास मात्र अजून तिथेच आहे, कारण तो काढला तर त्यावर उभे असलेले जुने प्रोग्रॅम मोडतील.