कोर्स रविवारी, पेशंट सोमवारी: जनरल डेंटिस्टनी या चुका टाळा

कोर्सला जाऊ नका असं मी कधीच म्हणणार नाही. बीडीएसच्या पाच वर्षांत जे हाताखालून जातं, त्यावर उभी प्रॅक्टिस निघत नाही. माझा राग आहे तो कोर्सनंतरच्या सोमवारवर.

एका ज्युनियरचा फोन आला. रोटरी एंडोचा, म्हणजे मोटरवर फिरणाऱ्या फाईलने रूट कॅनाल करण्याचा, दोन दिवसांचा हँड्स-ऑन कोर्स करून आलेला. पहिलाच पेशंट, खालची पहिली दाढ, मेसियल कॅनाल (पुढच्या बाजूच्या मुळातल्या नळ्या) चांगलेच वाकडे.

"सर, फाईल तुटली."

"दहा नंबरची हँड फाईल शेवटपर्यंत गेली होती का?"

"ब्लॉकमध्ये तर रोटरी सरळ गेली होती, सर."

इथेच गोम आहे. कोर्समध्ये सरावाला देतात त्या ॲक्रिलिकच्या ब्लॉकमधला कॅनाल पारदर्शक असतो, वाक डोळ्याला दिसतो. दाढेतला वाक एक्स-रेला समोरून दिसतो तेवढाच. गाल-जिभेच्या दिशेने तो किती वळलाय, हे फिल्म सांगत नाही. शिवाय डेंटिन, म्हणजे दाताचा आतला कठीण थर, ॲक्रिलिकपेक्षा कितीतरी कडक. निकेल-टायटॅनियमची फाईल दोन प्रकारे तुटते: टोक अडकतं आणि मागचा भाग फिरत राहतो, नाहीतर वाकात फिरून फिरून धातू थकतो. पहिलं टाळायचं तर आधी दहा आणि पंधरा नंबरच्या हँड फाईलने वाट मोकळी करा, वाट नसेल तर मोटरला हात लावू नका. आणि फाईल दाबू नका. जोर लावावासा वाटला की बाहेर काढा, धुवा, पुन्हा दहा नंबर.

मी पुढे विचारलं, "पेशंटला सांगितलंस?" नव्हतं सांगितलं. फाईल तुटण्यापेक्षा मला याचाच जास्त संताप आला. त्याच दिवशी सांगायचं, एक्स-रे दाखवायचा, केसपेपरवर लिहायचं, आणि तुकडा बाजूने ओलांडता येत नसेल तर एंडोडॉन्टिस्टकडे (रूट कॅनालच्या तज्ज्ञाकडे) पाठवायचं. तुकडा राहिला म्हणजे दाढ गेली असं नाही. कॅनाल आधी किती साफ झाला होता, इन्फेक्शन किती होतं, यावर सगळं ठरतं. पण लपवलेला तुकडा दुसऱ्याच्या एक्स-रेत दिसला, की पेशंट तुमच्याकडे परत येत नाही.

माझी सवय अशी: काढलेल्या दाढा टाकून देत नाही. पेशंटला विचारून सरावासाठी ठेवतो. जंतू मारायला ऑटोक्लेव्हमध्ये घालण्याआधी एकच बघायचं, अमाल्गम (पारा असलेली चांदी) भरलेली दाढ त्यात जाता कामा नये, पाऱ्याची वाफ होते. तिला दहा टक्के फॉर्मालिनमध्ये दोन आठवडे. मग संध्याकाळी क्लिनिक बंद झालं की त्यांच्यावर सराव करत बसायचं. खऱ्या पेशंटवरही सुरुवात वरच्या पुढच्या दातांपासून करायची, दाढा नंतर. नवशिक्यांना हे कंटाळवाणं वाटतं. वाटू दे.

दुसरी खटकणारी गोष्ट म्हणजे पॉइंट्स. नोंदणीच्या नूतनीकरणाला सीडीईचे, म्हणजे डेंटिस्टच्या पुढच्या शिक्षणाचे, पॉइंट्स लागतात, हे मान्य. म्हणून सकाळी सही, दुपारी जेवण आणि मग गायब? विषय न बघता जिथे पॉइंट्स जास्त तिथे नाव घालणारे मी बरेच पाहिलेत. मी उलट करतो: गेल्या काही महिन्यांत कुठल्या केसेस हातून दुसरीकडे पाठवाव्या लागल्या ते डायरीत बघतो, त्यावरचाच कोर्स घेतो.

कोर्सच्या स्टॉलवर त्याच दिवशी मोटर किंवा इम्प्लांट किट विकत घेऊ नका; सवलत पुढच्या कोर्सलाही असते.

शिकवणारा फक्त यशस्वी केसेसच दाखवत असेल, तर त्याला फेल केस दाखवायला सांगा.

रबर डॅम (दात वेगळा ठेवणारा रबराचा पडदा) न लावता रोटरी शिकू नका.

आणि इम्प्लांटच्या कोर्सवर लाख रुपये घालणाऱ्यांनी आधी बीएलएस (जीव वाचवण्याच्या प्राथमिक उपचारांचं प्रशिक्षण) करावं. इंजेक्शननंतर पेशंटला श्वास घेता येईना, अंगावर पित्त उठलं, तर प्रौढाला अर्धा मिलिग्रॅम ॲड्रिनॅलिन मांडीच्या स्नायूत द्यायचं असतं. ती अँप्युल कुठल्या ड्रॉवरमध्ये आहे हे असिस्टंटलाही माहीत हवं, आणि तिची एक्सपायरी आजच बघा.